सतरा नंबरचा मटार

तिने दार उघडलं तेव्हा तो तिची तीन वर्षांची मेहनत चावत होता.

दिसायला तसं काही भयंकर दिसत नव्हतं. खिडकीशी स्टुलावर एक अनोळखी माणूस, पायाशी हत्यारांची पत्र्याची पेटी, मान जराशी कललेली, डोळे मिटलेले आणि तोंड अगदी सावकाश हलतंय. कोणालाही वाटलं असतं, गाणं ऐकतोय बिचारा. पण त्याच्या कोपराशी तिचा पांढरा ट्रे होता, त्या ट्रेमध्ये मटाराचे साठ दाणे होते, आणि आता ते साठ राहिले नव्हते.

"थुंका!" ती म्हणाली.

त्याने डोळे उघडले. दचकून गिळलं. "कोण... मी?"

"नाही, भिंत! काय आहे तुमच्या तोंडात?"

"आता काहीच नाही," तो प्रामाणिकपणे म्हणाला. "मघाशी मटार होता."

"तो मटार नव्हता! तो सतरा नंबर होता! फूल उमलल्यापासून बरोबर विसाव्या दिवशी तोडलेला. फुलाच्या देठाला मी स्वतः दोरा बांधला होता. थंडीत. गुडघे टेकून!"

"गोड होता," तो म्हणाला आणि पुन्हा मान कलती करून जिभेने दाताशी काहीतरी शोधू लागला. "आणि मऊ. विसाव्या दिवशी इतका मऊ राहतो?"

प्रश्न खरं म्हणजे फार चांगला होता. तीन वर्षांत तिला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता, साहेबांनीसुद्धा नाही. पण ज्याने पुरावाच गिळलाय त्याच्या तोंडून चांगले प्रश्न ऐकून घ्यायची तिला सवय नव्हती.

"तुम्ही आहात कोण?"

"मेकॅनिक. मशीन तपासायला आलोय, सालाबादप्रमाणे. दरवर्षी येणारे काका निवृत्त झाले." त्याने टेबलावरच्या यंत्राकडे बोट दाखवलं. "म्हटलं, मशीन दाण्याला दाबून बघणार, तर आधी आपण दातांनी बघावं. तुमचा हा सतरा नंबर... साठ. फार तर बासष्ट दाखवेल."

"बाहेर!" ती म्हणाली.

"मशीन इथे आहे, मॅडम."

हे मात्र खरं होतं.

त्या बियाणे केंद्राच्या प्रयोगशाळेत दोन भट्ट्या होत्या, असं सगळे म्हणत. एक कोपऱ्यातली, साडेपाचशे अंशांना तापणारी. तिला बंद करायचं बटण होतं. दुसरी ही. दुसरीच्या पाठीमागे सगळे तिला 'भट्टी' म्हणत आणि तोंडावर 'मॅडम'. हे तिला ठाऊक होतं आणि त्याचाही तिला राग येई.

पण तिच्या रागाला कारण होतं, आणि ते कारण बोटाच्या पेराहून लहान होतं. मटाराचा दाणा कोवळा असतो तेव्हा त्याच्यातल्या एकेका पेशीची भिंत कागदासारखी पातळ असते. त्या भिंतीत सेल्युलोजचे दोर असतात आणि दोरांच्या मधे पेक्टिनचा गिलावा. दिवस जातात तशी भिंत जाड होते, गिलाव्यात कॅल्शियम येऊन बसतं, गिलावा घट्ट धरतो, आणि कालपर्यंत जिभेवर विरघळणारा दाणा आज छर्ऱ्यासारखा लागतो. सगळ्या मटाराचं असंच होतं. फक्त सतरा नंबरच्या ओळीचं तसं होत नव्हतं. तिथे गिलावा होता, पण घट्ट होत नव्हता. विसाव्या, बाविसाव्या दिवशीसुद्धा दाणा कोवळा. म्हणजे तोडणीला दोन दिवस जास्त. शेतावर दोन दिवस म्हणजे काय, हे ज्याने चार माणसांनिशी चार एकर शेंग तोडली आहे त्यालाच विचारावं.

केंद्रात एकूण वीस ओळी होत्या. शुक्रवारी साहेब त्यातल्या आठ ठेवणार होते आणि बाकीच्या मुळासकट उपटून खतात घालणार होते. निकाल एकाच आकड्यावर: पोलादी दांडी दाणा दाबते, दाणा फुटतो, पडद्यावर आकडा येतो. आकडा लहान, दाणा कोवळा.

सोमवारी दुपारी मेकॅनिकने मशीन तपासून दिलं. तिने सतराचे दाणे सोलले, सगळ्यांची तरतरी सारखी व्हावी म्हणून नेहमीप्रमाणे तासभर पाण्यात ठेवले, पुसले, आणि एकेक दांडीखाली धरला.

एकशे बारा.

पुन्हा. एकशे नऊ. पुन्हा. एकशे चौदा. वीस ओळींमध्ये सगळ्यात टणक कोण, तर सतरा नंबर.

तो शेजारच्या खोलीत वजनकाटे तपासत होता. आठवडाभर त्याचा मुक्काम होता. केंद्रात तपासण्यासारखी एकूण बारा यंत्रं होती. ती दारात उभी राहिली.

"तुम्ही माझं मशीन बिघडवलंत."

आतापर्यंत ज्याचा चेहरा दुधासारखा शांत होता त्याच्या कपाळावर एक उभी शीर दिसू लागली.

"काय म्हणालात?"

"साठ म्हणाला होतात ना? एकशे बारा आलाय!"

तो उठला, तिच्या टेबलाशी आला, पेटीतून पितळी वजन काढलं, ते आधी फडक्याने पुसलं, मग दांडीखाली ठेवलं. पडद्यावर वजनाचा आकडा आला, अगदी शेवटच्या घरापर्यंत बरोबर. दुसरं वजन. बरोबर. तिसरं.

"मला काय वाटेल ते बोला," तो म्हणाला. "मी तुमचा मटार खाल्ला, कबूल. पण मी हात लावलेल्या मशीनला खोटं म्हणायचं नाही!"

"मग तुमचे दात खोटे!"

"दात माझे स्वतःचे आहेत! बत्तीसच्या बत्तीस!"

अर्धा तास भांडण झालं. प्रयोगशाळेतल्या मावशी, ज्या वीस वर्षं बाटल्या धूत होत्या आणि ज्यांनी सगळ्या प्रकारची भांडणं ऐकली होती, त्या दोनदा दारात येऊन गेल्या. पहिल्यांदा काही हवं का विचारायला, दुसऱ्यांदा नुसत्याच.

संध्याकाळी घरी ताईने दार उघडलं आणि रोजचा प्रश्न विचारला. "आज कोणावर?"

"एक मेकॅनिक आहे. उर्मट. मटार खातो."

"अगंबाई," ताई म्हणाली आणि चहा ठेवायला गेली.

मंगळवारी नवे दाणे. आकडा एकशे दहा. पुन्हा भांडण. या वेळी त्याने चष्मा काढून पुसला, आणि चष्मा काढल्यावर त्याचे डोळे इतके दमलेले दिसले की तिला एक वाक्य मधेच सोडून द्यावं लागलं... आणि वाक्य अर्धवट सोडावं लागलं म्हणून ती आणखी चिडली.

"आज कोणावर?"

"तोच."

"कालचाच?" ताईने वळून पाहिलं. "एकाच माणसावर दोन दिवस? तू तर कोणावर एका दिवसापेक्षा जास्त टिकत नाहीस."

बुधवारी सकाळी ती शेतात गेली, तर सतराच्या ओळीशी तो उभा. धुकं पातळ होत होतं, त्याच्या बुटांना ओली माती लागली होती, आणि हात मागे बांधलेले होते, दुकानात काचसामानापाशी उभ्या राहिलेल्या मुलासारखे.

"हात लावलेला नाही," तो आधीच म्हणाला. "विचारायला थांबलोय. एक खाऊ?"

"का?"

"रात्रभर डोक्यात तेच आहे. मशीन बरोबर आहे. माझे दातही बरोबर आहेत. दोघांनाही खोटं म्हणवत नाही."

तिने शेंग तोडली, अंगठ्याने फोडली, टच्च असा आवाज झाला आणि हिरवा वास सुटला. एक दाणा तिने त्याच्या तळहातावर ठेवला. एक स्वतःच्या तोंडात टाकला. दोघांनी चावला. दोघांनीही मान कलती केली.

"साठ," तो म्हणाला.

"अठ्ठावन्न," ती म्हणाली. तिलाही एव्हाना दातांनी मोजायची चटक लागली होती.

मग दोघंही एकमेकांकडे न बघता प्रयोगशाळेकडे पळत सुटले. त्याच शेंगेतला तिसरा दाणा पाण्यात न घालता, पुसता न पुसता थेट दांडीखाली.

एकसष्ट.

"म्हणजे झाडापासून मशीनपर्यंत येताना काहीतरी होतंय," तो म्हणाला. "तुम्ही काय काय करता? एकेक सांगा."

"तोडते. सोलते. तासभर पाण्यात—"

त्याने पाण्याची बाटली उचलली, उजेडात धरली. काचेच्या गळ्याशी आतून पांढरट कडं होतं.

"आमच्या आईचं नव्या घरी आल्यापासून या असल्या पाण्याशी रोज भांडण चालू आहे," तो म्हणाला. "म्हणते, कडधान्य शिजतच नाही मेलं. जड पाणी. कॅल्शियम का काय म्हणता तुम्ही ते..."

"ते शुद्ध पाणी आहे! ऊर्ध्वपातन केलेलं! मावशी!"

मावशी आल्या.

"हे पाणी कुठलं?"

"बागेतल्या नळाचं," मावशी म्हणाल्या. "पाणी गाळायचं यंत्र बंद पडून पंधरा दिवस झाले की. मी विचारायला आले होते तुम्हाला, पाणी कुठून आणू. तुम्ही फोनवर कोणावर तरी ओरडत होतात. म्हणालात, कुठूनही आणा, विहिरीतून आणा, नरकातून आणा, पण माझं डोकं खाऊ नका." त्यांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. "नळ जवळ होता."

मावशी गेल्या. तिला आत्ता, या क्षणी, आयुष्यातला सगळ्यात मोठा राग आला होता, पण त्या रागाला पत्ता मिळत नव्हता. मावशींवर जावा तर त्यांनी विचारलं होतं. नळावर जावा तर नळ निर्जीव. उरली ती एकटीच.

"हसा ना," ती त्याला म्हणाली. "हसा! आता हसायचं नाही तर कधी?"

"नाही हसत."

"का?"

तो स्टुलावर बसला. "नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका कारखान्याचा वजनकाटा तपासला. तपासताना माझा जेवणाचा डबा काट्यावरच राहिला होता. तो धरून मी शून्य लावलं. तो कारखाना महिनाभर प्रत्येक पोत्यामागे एक डबा जास्त माल देत होता."

तिला हसू यायचं नव्हतं. ते आलं. "काय... काय होतं डब्यात?"

"हे," तो म्हणाला, "आजपर्यंत कोणीच विचारलं नव्हतं."

पण त्याने डब्यातलं सांगायच्या आत पंचाईत पुढे उभी राहिली. केंद्राचा नियम भिंतीवर चौकटीत लावलेला होता, कोणाला विसरता येऊ नये म्हणून. मशीनचा दोष असेल तर फेरचाचणी मान्य. हाताळणाऱ्याची चूक असेल तर ओळ त्या हंगामापुरती बाद. आणि बाद ओळ शुक्रवारी उपटली जाई.

"तरी मी उद्या पुन्हा बघणार," ती म्हणाली. "बाद तर बाद. पण खरा आकडा काय, हे मला कळलंच पाहिजे."

शुद्ध पाण्याचं यंत्र त्याच्या कंपनीचं नव्हतं, त्याचे भाग त्याच्याकडे नव्हते. गुरुवारी सकाळी तो दोन्ही हातांत दोन प्लॅस्टिकचे कॅन घेऊन उगवला.

"हे काय?"

"गॅरेजमधून आणलं. गाड्यांच्या बॅटरीत घालतात ते पाणी."

"माझ्या मटाराला बॅटरीचं पाणी?"

"शुद्ध असतं. क्षार असले तर बॅटरी मरते. गॅरेजवाला तुमच्यापेक्षा जास्त काळजी घेतो."

तिने ते तपासलं. शुद्ध होतं. या गोष्टीचा तिला इतका राग आला की तिने त्याला अर्धा कप चहा दिला.

दोऱ्याने खूण केलेल्या, बरोबर वीस दिवसांच्या, सतराच्या बारा शेंगा उरल्या होत्या. शेजारी ताडून बघायला साहेबांची लाडकी ओळ, चार नंबर. दोन्हीचे निम्मे दाणे बॅटरीच्या पाण्यात, निम्मे नळाच्या. तो आकडे वाचत होता, ती लिहीत होती. तो आकडा हळू आवाजात सांगे, कानाशी काही खासगी सांगावं तसा. एकसष्ट... एकोणसाठ... बासष्ट... चाळिसाव्या दाण्याला तिच्या लक्षात आलं की त्याने सांगण्याआधी ती त्याच्या ओठांकडे बघतेय. तिने घाईने कागदाकडे पाहिलं. आकडे भलत्याच रकान्यात गेले होते.

"जरा मोठ्याने सांगा!" ती ओरडली.

"एवढ्या जवळून?"

"हो!"

ओळ चार: शुद्ध पाण्यात शंभर, नळाच्या पाण्यात एकशे दोन. सारखंच. ओळ सतरा: शुद्ध पाण्यात एकसष्ट, नळाच्या पाण्यात एकशे अकरा. तिने कागद जवळ घेतला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला.

"अहो..." ती म्हणाली. "चार नंबरच्या गिलाव्यात कॅल्शियम आधीच गच्च भरलंय. नळाचं पाणी घातलं तरी त्याला बसायला जागा नाही. सतराचा गिलावा बघा. जागा आहेत, सगळ्या रिकाम्या! झाडाने तिथपर्यंत कॅल्शियम पोचवलंच नाही, म्हणून दाणा मऊ. नळाच्या पाण्याने तासाभरात सगळ्या जागा भरून टाकल्या, म्हणून टणक. तीन वर्षं मी शोधतेय तो का मऊ राहतो, आणि उत्तर... उत्तर त्या बागेच्या नळाने दिलं!"

तो बघत राहिला. कागदाकडे नव्हे.

"काय बघताय?"

"काही नाही. तुम्ही आत्ता रागावलेल्या नव्हतात. पाच-सहा सेकंद. घड्याळ हाताशी नव्हतं, नाहीतर नेमकं मोजलं असतं."

घरी ताईने दार उघडलं, तिच्याकडे पाहिलं, आणि त्या दिवशी काहीच विचारलं नाही. त्यावर ती ताईशी तासभर भांडली.

शुक्रवारी बैठक. ती रात्रभर तयारी करून आली होती. नियम चुकीचा का आहे, याचे सात मुद्दे तिने कागदावर उतरवले होते, आणि पहिल्याच मुद्द्याखाली तीन रेघा मारल्या होत्या. साहेबांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"सतरा नंबर," साहेब म्हणाले. "दोन वेगळे आकडे आलेत. पण ते मिटलंय. मशीनच सदोष होतं. मेकॅनिकने आज सकाळी तसं लिहून दिलंय. फेरचाचणी मान्य. एकसष्ट. सतरा राहील. पुढे."

फक्त गप्प बसायचं होतं. सतरा नंबर वाचला होता. साहेब पुढच्या कागदाला हात घालत होते, मावशी चहा ठेवत होत्या, आणि टेबलावर त्याचं अक्षर होतं. एकेक अक्षर सुटं, हत्यारं मांडून ठेवावीत तसं. 'सोमवारी तपासणी करताना माझ्याकडून दुर्लक्ष झाले. मशीन सदोष होते.' खाली सही.

माझ्या मशीनला खोटं म्हणायचं नाही, असं सांगणाऱ्या माणसाची सही.

ती उभी राहिली. खुर्ची मागे पडली.

"मशीन सदोष नव्हतं!"

"बाई, बसा. तुमच्याच फायद्याचं—"

"मशीन शेवटच्या घरापर्यंत बरोबर होतं! पाणी चुकीचं होतं. ते मी तपासलं नाही. पाणी कुठूनही आणा, असं मी म्हणाले. चूक माझी!"

साहेबांनी चष्मा काढला. "मग नियमाप्रमाणे सतरा बाद."

"करा बाद! पण मग वीसच्या वीस बाद करा. कारण पंधरा दिवस वीसही ओळी त्याच बाटलीतल्या पाण्यात भिजत होत्या. चार नंबरसुद्धा!"

चार नंबर हा साहेबांनी स्वतः तयार केलेला होता. त्याच्यावर त्यांचं भाषण झालेलं होतं. मावशींनी साहेबांपुढे ठेवायला नेलेली चहाची बशी तशीच मागे घेतली.

साहेबांनी तिने पुढे सरकवलेले आकडे दोनदा वाचले. माणूस वाईट नव्हता. फक्त नियम त्याने स्वतः चौकटीत बसवला होता.

"काही उपटायचं नाही," ते अखेर म्हणाले. "सगळ्या वीस ओळी पुढच्या हंगामात पुन्हा. दोन्ही पाण्यांत. आणि तुम्ही मला लेखी खुलासा द्याल, बाई. सविस्तर."

"देते. आणि हा कागद मी नेतेय."

कागद तिने जिन्यातच फाडला. तो आवारात मोटरसायकलला पेटी बांधत होता.

"हे काय आहे?" ती ओरडली.

त्याने तिच्या हातातले तुकडे पाहिले. "कागद होता," तो म्हणाला. "आता दोन आहेत."

"खोटं लिहिलंत! तुम्ही! कोणी अधिकार दिला तुम्हाला माझ्यासाठी खोटं लिहायचा?"

"सतरा नंबर वाचला असता."

"तो वाचलाय! खरं सांगून वाचलाय! आणि तुमचं काय झालं असतं?"

"फार काही नाही... कंपनीने हा भाग माझ्याकडून काढून दुसरा दिला असता. लांबचा."

"म्हणजे तुम्ही इथे पुन्हा आलाच नसता?"

"नसतो."

"आणि हे माहीत असून लिहिलंत?"

त्याने दोरी ताणली, सोडली, पुन्हा ताणली. "लिहिताना दोनदा पेन खाली ठेवलं. मशीन सदोष, हे लिहवेना. मग म्हटलं... तुम्ही गुडघे टेकून दोरे बांधलेत. थंडीत. मशीनचं काय, त्याला माझा राग येत नाही."

"मला येतो!" ती म्हणाली, आणि डोळ्यांत पाणी का आलं म्हणून आणखी चिडून ते मनगटाने पुसलं. "सोमवारपासून येतोय! कोणावर मी एका दिवसाच्या वर टिकत नाही, विचारा ताईला! आणि तुमच्यावर पाच दिवस! सकाळी उठल्यापासून! तोंड धुताना! जेवताना! दुसरं काही सुचतच नाही!"

तो खाली बघत म्हणाला, "मलाही बुधवारपासून जेवण जात नाही. मला वाटलं, कच्चा मटार बाधला."

वरच्या खिडकीत मावशी बरणी पुसत उभ्या होत्या. ती बरणी त्या दिवशी पुसायची नव्हती.

"बरं," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी येईनच तपासणीला..."

"मशीन उत्तम आहे. त्याला वर्षभर काही होत नाही, मी आत सांगून आलेय."

त्याचा चेहरा उतरला. "मग?"

"मग मशीनची वाट कशाला बघता? परवा रविवार आहे! आणि हे मी चिडून सांगतेय, लक्षात ठेवा!"

"ठेवलं."

"काय ठेवलं?"

"की तुम्ही चिडला आहात."

"आणि?"

"आणि रविवार." त्याने हेल्मेट हातात घेतलं, घातलं मात्र नाही. "किती वाजता?"

तिने वेळ सांगितली. तीही ओरडूनच, इतक्या मोठ्याने की वरच्या खिडकीतून मावशींनी ती त्याला पुन्हा एकदा, सावकाश सांगितली.